वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी कोणता पॅटर्न निवडावा?

प्रश्न : आमची तीन प्रोग्रामरांची छोटी संस्था आहे. बाजार समितीतील अडत दुकानांसाठी आम्ही हिशोबाचे सॉफ्टवेअर पुरवतो. ते सी शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजवरच्या खिडक्या बनवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) लिहिलेले असून वर्षानुवर्षे वाढत गेले आहे. जवळजवळ सगळा हिशोब बटणांच्या क्लिक इव्हेंटमध्ये असल्यामुळे एखादा नियम बदलला की चार-पाच फॉर्म उघडून दुरुस्ती करावी लागते. एका सहकाऱ्याच्या मते सगळे डब्ल्यूपीएफमध्ये (त्याच कामाचे मायक्रोसॉफ्टचे दुसरे साधन) एमव्हीव्हीएम पद्धतीने नव्याने लिहावे. दुसऱ्याने पूर्वी वेबवर काम केले आहे आणि तो एमव्हीसीचा आग्रह धरतो. आम्ही कोणता पॅटर्न (रचनेचा ठरलेला साचा) घ्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निर्णय एकमेकांत गुंतले आहेत. हिशोब स्क्रीनपासून वेगळा काढणे हा पहिला, आणि हिशोब निघून गेल्यावर उरलेली स्क्रीन कोणी सांभाळायची हा दुसरा. एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर), एमव्हीपी (मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटर) आणि एमव्हीव्हीएम (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल) ही तिन्ही नावे मुख्यतः दुसऱ्या निर्णयाची आहेत. मॉडेल म्हणजे माहिती आणि तिचे नियम, व्ह्यू म्हणजे दिसणारी स्क्रीन, आणि नावातला उरलेला भाग या दोघांमधले काम पाहतो. आपल्याला होणारा त्रास मात्र पहिला निर्णय कधी घेतलाच न गेल्याचा आहे, आणि तो घेतल्याशिवाय यांतला कोणताही पॅटर्न आणला तरी चार फॉर्मांतला गोंधळ चार प्रेझेंटरांत किंवा चार व्ह्यूमॉडेलांत जाऊन बसेल, एवढेच.

पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाचा, फॉर्मच समोर ठेवू. वजन आणि लिलावात ठरलेला क्विंटलचा दर भरला की रक्कम येते. तिच्यातून हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम निघते. समजा, एका शेतकऱ्याच्या हळदीचे दोन ढीग आहेत. पहिला 8.47 क्विंटल, दर 13,250 रुपये, म्हणजे 1,12,227.50 रुपये. दुसरा 5.23 क्विंटल, दर 12,950 रुपये, म्हणजे 67,728.50 रुपये. आता पूर्ण रुपयांत आकडा हवा म्हणून जतन करण्याच्या बटणामागे कोणी मॅथ डॉट राउंड लिहिले असेल, तर वेगळे काही सांगितले नसल्यास ते बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते. त्यामुळे पहिली रक्कम वर जाऊन 1,12,228 होते, तर दुसरी खाली येऊन 67,728 होते. त्याच वेळी पट्टीच्या ग्रिडमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या तक्त्यात, मात्र शून्य दशांशांचा फॉरमॅट लावलेला असतो आणि दशमान (डेसिमल) प्रकाराच्या आकड्याला तो 67,729 असा दाखवतो. पट्टीवर एक रक्कम आणि खतावणीत दुसरी, असा एका रुपयाचा फरक पडतो, आणि दिवाणजी तो शोधत बसतात. चूक गणिताची नाही. रक्कम पूर्ण रुपयात आणण्याचा निर्णय दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी घेतला गेला आहे, आणि त्यांपैकी एक ठिकाण हे निव्वळ दाखवण्याचे काम करणारे आहे.

म्हणून पहिले पाऊल असे की पट्टीचा हिशोब करणारा क्लास (कोडचा घटक) स्वतंत्र प्रोजेक्टमध्ये काढावा आणि त्या प्रोजेक्टला विनफॉर्म्सचा संदर्भच देऊ नये. मग घाईच्या वेळी कोणी तिथून टेक्स्टबॉक्सला (स्क्रीनवरची मजकूर भरण्याची चौकट) हात लावायला गेला, तर कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारा कंपायलरच त्याला अडवतो. तोंडी शिस्तीपेक्षा हे बंधन अधिक टिकते. रकमांसाठी डबल हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार न वापरता डेसिमल वापरावे आणि रक्कम पूर्ण रुपयात कशी आणायची हे क्लासमधल्या एकाच मेथडमध्ये (एक काम करणारा कोडचा तुकडा) लिहावे. ग्राहकांकडच्या जुन्या छापील पट्ट्या घेऊन त्यांतले आकडे युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक भाग आपोआप तपासणारी चाचणी) घालावेत. क्लास नवा असला तरी उत्तर जुन्या पट्टीशी जुळले पाहिजे, आणि जिथे जुळणार नाही तिथे चूक नव्या कोडची आहे की आजवर चालत आलेल्या जुन्या कोडची, हे ग्राहकासमोर बसूनच ठरवावे लागेल.

या वेगळेपणाची किंमत नियम बदलतात तेव्हा कळते. फळे आणि भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय महाराष्ट्रात 2016 मध्ये झाला. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 2017 पासून, जीएसटी आला. कोणती रक्कम कोणाच्या खात्याला लावायची हे ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका जागी लिहिलेले होते त्यांनी ती जागा बदलली. इतरांना प्रत्येक फॉर्म शोधत फिरावे लागले. असे बदल यापुढेही होत राहणार, हे गृहीत धरूनच रचना ठरवायची असते.

आता दुसरा निर्णय. एमव्हीसी ही मूळची डेस्कटॉपचीच कल्पना. नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी 1979 मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम करताना ती मांडली. त्या काळी आजच्यासारखे तयार टेक्स्टबॉक्स नव्हते, त्यामुळे माउस कुठे दाबला, कोणती कळ दाबली, हे टिपून त्याचा अर्थ लावायला व्ह्यूच्या जोडीला कंट्रोलर लागत असे. आज विनफॉर्म्सचा टेक्स्टबॉक्स ते सगळे स्वतःच करतो, म्हणजे त्या मूळ कंट्रोलरला डेस्कटॉपवर फारसे काम उरलेले नाही. आपल्या सहकाऱ्याच्या मनातला एमव्हीसी हा त्याचा वेबवरचा अवतार आहे. तिथे ब्राउझरकडून विनंती येते, पत्त्यावरून कंट्रोलर ठरतो, पान तयार होऊन जाते आणि सर्व्हरच्या दृष्टीने तो विषय संपतो. अडत दुकानातला फॉर्म लिलाव सुरू होताना उघडतो आणि व्यवहार संपेपर्यंत मिटत नाही. अर्धवट भरलेली पट्टी, मधेच दुरुस्त केलेला दर, छापायची राहिलेली पावती, ही सगळी स्थिती त्याला तासन् तास सांभाळावी लागते. वेबवरच्या एमव्हीसीत या स्थितीसाठी जागाच नाही, म्हणून त्याचा आग्रह मी धरणार नाही.

एमव्हीपी 1996 मध्ये टॅलिजंट कंपनीच्या माइक पोटेल यांच्या लेखातून पुढे आला. 2006 मध्ये सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी त्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. त्यांतल्या पॅसिव्ह व्ह्यू या प्रकारात फॉर्म स्वतः काहीच ठरवत नाही; सुपरवायझिंग कंट्रोलरमध्ये साधी देवाणघेवाण बाइंडिंगवर (स्क्रीनवरची चौकट आणि माहिती यांची आपोआप चालणारी जोडणी) सोडून अवघड तेवढेच प्रेझेंटर पाहतो. एमव्हीव्हीएम 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी मांडला, तो डब्ल्यूपीएफमधील डेटा बाइंडिंग डोळ्यांसमोर ठेवूनच. व्ह्यूमॉडेलमधली रक्कम बदलली की स्क्रीनवरचा आकडा आपोआप बदलतो, या भरवशावर तो पूर्ण पॅटर्न उभा आहे. तेव्हा निवडीची खरी कसोटी अशी, की आपल्या टूलकिटमधले बाइंडिंग किती पक्के आहे. डब्ल्यूपीएफमध्ये ते पायाशीच आहे, त्यामुळे तिथे एमव्हीव्हीएम स्वाभाविक ठरतो. विनफॉर्म्समध्ये बाइंडिंग आहे, आणि अलीकडच्या डॉट नेटमध्ये (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात तो पाया) बटणाला कमांड जोडण्याची सोयही झाली आहे. तरीही जुन्या फॉर्मांतली कंट्रोल्स (बटणे, चौकटी वगैरे) त्यावर पूर्णपणे सोपवावीत इतके ते सर्वत्र सारखे चालत नाही. आपल्यासाठी मी एमव्हीपीचा पॅसिव्ह व्ह्यू सुचवतो.

पट्टीच्या फॉर्मवर तो असा बसेल. फॉर्मसाठी एक इंटरफेस, म्हणजे फॉर्मकडून काय काय मागता येईल याची यादी, कोडमध्ये लिहावा. त्यात वजन, दर आणि उचल हे वाचता येतील, निव्वळ रक्कम दाखवता येईल, जतन करण्याचे बटण चालू किंवा बंद करता येईल आणि चूक कळवणारा संदेश दाखवता येईल. त्यापलीकडे काही नको. फॉर्म हा इंटरफेस पुरवतो आणि दर बदलला, जतन करा म्हटले गेले, एवढेच प्रेझेंटरला कळवतो. हमाली-तोलाई वजा जाता उरलेल्या रकमेपेक्षा उचल जास्त झाली तर पट्टी अडवायची की बाकी पुढे ओढायची, हे प्रेझेंटर हिशोबाच्या क्लासला विचारतो आणि त्याप्रमाणे फॉर्मला सांगतो. टेस्टमध्ये खऱ्या फॉर्मच्या जागी त्याच इंटरफेसचा खोटा व्ह्यू ठेवता येतो, त्यामुळे एकही खिडकी न उघडता हे सगळे तपासता येते.

परंतु हे प्रत्येक फॉर्मला करू नये. गावांची यादी, मालाचे प्रकार, हमालांच्या टोळ्या अशा नोंदींच्या फॉर्मांत ठरवण्यासारखे काहीच नसते. तिथे प्रेझेंटर लिहिणे म्हणजे निरोप्याला निरोप्या नेमणे होय. ज्या फॉर्मांत ग्राहकांच्या तक्रारी सर्वाधिक येतात, ते आधी घ्यावेत आणि तेही नियम बदलण्याच्या निमित्ताने, एकेक करून.

सगळे नव्याने लिहिण्याच्या सूचनेविषयी माझे मत प्रतिकूल आहे. विनफॉर्म्स मोडीत निघालेले नाही; मायक्रोसॉफ्टने 2018 च्या अखेरीस ते डब्ल्यूपीएफसोबत ओपन सोर्स केले, 2019 मध्ये डॉट नेट कोअर 3.0 मध्ये आणले आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांतही ते आहे. तीन माणसांनी नवे सॉफ्टवेअर लिहीत असताना जुन्याच्या दुरुस्त्याही त्याच तिघांनी करायच्या, असे झाले तर दोन्हींपैकी एकही धड होत नाही. शिवाय दिवाणजींची बोटे त्या फॉर्मातल्या टॅबच्या क्रमाला सरावलेली असतात. नवी स्क्रीन दिसायला कितीही चांगली असली तरी हंगामात तो क्रम मोडलेला त्यांना चालत नाही. हिशोब आणि निर्णय फॉर्मबाहेर काढून झाले की पुढे कधी डब्ल्यूपीएफकडे जायचे ठरलेच, तरी तेव्हा बदलायचा भाग बराच लहान झालेला असेल.

प्रश्न : औषध वितरकांच्या साठ्याचे सॉफ्टवेअर आम्ही डब्ल्यूपीएफमध्ये करतो. कोड-बिहाइंडमध्ये (स्क्रीनच्या फाइलीला थेट जोडलेला कोड) एकही ओळ असू नये, असा आमच्या टीमचा नियम आहे. तो पाळता पाळता मुख्य व्ह्यूमॉडेल अवाढव्य झाले आहे. त्यातच ग्राहक म्हणतात की शेवटच्या चौकटीत भरलेला आकडा कधी कधी जतन होत नाही. त्यावर उपाय केला, तर दशांश चिन्हच टाइप होईना. एमव्हीव्हीएम सोडून द्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सोडू नये. आकडा जतन न होणे आणि दशांश चिन्ह टाइप न होणे या दोन्ही तक्रारी बाइंडिंगच्या ठरलेल्या वागणुकीतून आलेल्या आहेत. टेक्स्टबॉक्समधला मजकूर व्ह्यूमॉडेलकडे केव्हा पाठवायचा हे सांगितले नसेल, तर डब्ल्यूपीएफ तो फोकस (टाइप केलेले जिथे उमटते ती जागा) त्या चौकटीतून बाहेर गेल्यावर पाठवते. माउसने साधे बटण दाबले की फोकस हलतो, म्हणून टीममध्ये तपासताना सगळे ठीक दिसते. दुकानातला कर्मचारी मात्र कंट्रोल आणि एस दाबून जतन करतो. फोकस चौकटीतच राहतो आणि व्ह्यूमॉडेलकडे जुनाच आकडा असतो. टूलबारवरचे बटण माउसने दाबले तरी हेच घडते, कारण टूलबारला स्वतःचे वेगळे फोकस-क्षेत्र असते.

यावर आपण प्रत्येक कळीला आकडा पाठवण्याची सोय लावली असणार. ती चौकट व्ह्यूमॉडेलमधल्या डबल किंवा डेसिमल प्रॉपर्टीला (नाव दिलेले मूल्य) जोडलेली असेल, तर डॉट नेट 4.5 पासून असे होते की 12 नंतर बिंदू टाइप केल्याबरोबर त्याचे 12 या संख्येत रूपांतर होते, तीच संख्या चौकटीत परत लिहिली जाते आणि बिंदू नाहीसा होतो. माझ्या मते योग्य उपाय असा की व्ह्यूमॉडेलमध्ये ती चौकट मजकूर म्हणून ठेवावी, तिथेच तिची संख्या करून पाहावी आणि संख्या होत नसेल तर चूक दाखवावी. मॉडेलमध्ये असते ते औषधाचे प्रमाण. चौकटीत असते ते माणसाने अर्धवट टाइप केलेले काहीतरी. ही अर्धवट अवस्था सांभाळण्यासाठीच व्ह्यूमॉडेल असते, आणि आपण तिथे थेट संख्या ठेवून त्याचे हे काम काढून घेतले होते. दुसरा मार्ग म्हणजे जतन करण्यापूर्वी फोकस असलेल्या चौकटीतला मजकूर कोड-बिहाइंडमधून मुद्दाम व्ह्यूमॉडेलकडे पाठवणे. त्याला दोन-तीन ओळी लागतात आणि त्या तिथे शोभतात. फोकस, स्क्रोल, खिडकीचा आकार ही व्ह्यूचीच कामे आहेत. एकही ओळ नको हा नियम एमव्हीव्हीएमने घातलेला नाही, आणि तो पाळण्यासाठी लिहिलेल्या युक्त्या समजून घेणे पुष्कळदा त्या ओळींपेक्षा अवघड असते.

व्ह्यूमॉडेल फुगले आहे त्याचे कारण बहुधा वेगळे आहे. मुदत संपत आलेली बॅच आधी विकायची, मुदत संपलेली बिलात येऊ द्यायची नाही, असे नियम त्यात शिरले असतील. प्रत्येक मेथडला एक प्रश्न विचारावा : स्क्रीन नसती, रात्री आपोआप चालणारा अहवाल असता, तरी हा नियम लागला असता का? लागला असता तर त्याची जागा मॉडेलमध्ये आहे. या चाळणीनंतरही जे उरेल ते स्क्रीनच्या भागांप्रमाणे लहान व्ह्यूमॉडेलांत वाटावे. प्रॉपर्टी बदलल्याचे कळवणाऱ्या त्याच त्या ओळींसाठी आता कम्युनिटी टूलकिट या लायब्ररीमध्ये कोड आपोआप तयार करण्याची सोय आहे, तेव्हा त्या हाताने लिहिण्याचे कारण उरलेले नाही. एक सूचना आणखी : बाइंडिंगमध्ये प्रॉपर्टीचे नाव चुकले तर प्रोग्राम कोसळत नाही, चौकट फक्त रिकामी दिसते आणि तक्रारीची एक ओळ व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या प्रोग्रामच्या आउटपुट खिडकीत पडते. ती खिडकी रोज वाचण्याची सवय टीमला लावावी.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावातल्या वाचनालयासाठी पायथन भाषेत आणि क्यूटी या खिडक्या बनवण्याच्या लायब्ररीमध्ये प्रकल्प करत आहे. क्यूटीमध्ये मॉडेल आणि व्ह्यू आहेत, पण कंट्रोलर सापडत नाही. तोंडी परीक्षेत एमव्हीसीविषयी विचारले तर काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : सापडत नाही हेच सांगावे, आणि का ते सांगावे. 2005 मध्ये आलेल्या क्यूटी 4 पासून तिथे मॉडेल-व्ह्यू अशी रचना आहे. व्ह्यू आणि कंट्रोलर यांची कामे तिने एकत्र केली आहेत, आणि एखादी नोंद कशी रंगवायची व संपादित करायची हे डेलिगेट पाहतो. जावाच्या स्विंग या लायब्ररीमध्येही टेबलाची माहिती अशीच वेगळ्या मॉडेलमध्ये असते.

तुझ्या प्रकल्पात पुस्तकांची यादी एकाच ठिकाणी दाखवायची असेल तर क्यूटीमधला तयार तक्ता, क्यूटेबलविजेट, पुरेसा आहे. तीच यादी शोधायची, क्रमाने लावायची आणि दुसऱ्या खिडकीतही दाखवायची असेल, तर क्यूअ‍ॅबस्ट्रॅक्टटेबलमॉडेलपासून स्वतःचे मॉडेल करावे. ओळी किती, स्तंभ किती आणि अमुक घरात काय, एवढ्या तीन मेथड त्याला किमान लागतात. नवे पुस्तक जोडताना ओळ घालण्याच्या सुरुवातीची आणि शेवटची सूचना मॉडेलने द्यावीच लागते, नाहीतर पुस्तक डेटाबेसमध्ये जाते आणि स्क्रीनवर दिसत नाही. उशिराचा दंड मोजणारे फंक्शन मात्र क्यूटीच्या फाइलींबाहेर, साध्या पायथनमध्ये ठेव. परीक्षकांना ते स्क्रीनशिवाय चालवून दाखवता आले, तर रचनेविषयीच्या बऱ्याच प्रश्नांचे उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्न : आमच्या विनफॉर्म्स प्रोग्राममध्ये वार्षिक अहवाल काढताना खिडकी गोठते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे येते. एमव्हीपी आणल्यास हे थांबेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : केवळ त्याने थांबणार नाही. खिडकीने सुमारे पाच सेकंद कोणताही संदेश हाताळला नाही की विंडोज ती पाटी लावते. अहवालाचे काम ज्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये एकामागून एक चालणाऱ्या कामांची रांग) खिडकी चालते त्याच थ्रेडवर सुरू आहे, हे त्याचे कारण, आणि तोच कोड प्रेझेंटरमध्ये हलवला तरी थ्रेड तोच राहील. सी शार्पमध्ये 2012 पासून असलेले असिंक-अवेट वापरून ते काम पार्श्वभूमीला पाठवावे. अवेटनंतरची ओळ पुन्हा खिडकीच्या थ्रेडवर येते, त्यामुळे तिथून आकडे दाखवणे सुरक्षित असते. पार्श्वभूमीच्या कोडमधून मात्र कोणत्याही कंट्रोलला हात लावू नये.

पॅटर्नचा उपयोग यानंतर होतो. काम चालू असताना बटण बंद ठेवणे, रद्द करण्याची सोय देणे, दुसऱ्यांदा दाबले तर दुर्लक्ष करणे, हे सगळे एका प्रेझेंटरमध्ये असेल तर ते नीट तपासता येते. त्यात एक प्रसंग विसरू नये : अहवाल तयार होण्यापूर्वीच वापरणाऱ्याने खिडकी बंद केलेली असू शकते, तेव्हा परत आल्यावर फॉर्म अजून उघडा आहे की नाही हे पाहूनच प्रेझेंटरने आकडे लिहायला घ्यावेत.